मेलेल्यानं उठायचं नाही

किस्से कुणी जमवायला बसत नाही. एक सांगितला की त्याच्या मागोमाग दुसरा येतो, आणि तिसऱ्यापर्यंत चहा गार होतो. माझे तर सगळे जऊळक्याच्या आमच्या नाटक मंडळीतलेच. पूर्वी मी सांगताना चुकलो की माझी बायको सुमन आतून दुरुस्त करायची. आता ती नाही. चुकलं तर चालवून घ्या.

सत्तर सालानंतरच्या त्या वर्षांत आमच्या नाटकाला लिहिलेलं असं काही नसायचं. गोष्ट ठरलेली, सोंगं वाटलेली; पुढे ज्यानं त्यानं सोंगात शिरून सुचेल ते बोलायचं. जुनी माणसं यात पटाईत. मरण नव्यांचं!

*

मालेगावचे कांतीलालशेठ कापडवाले. पडदा त्यांचा, राणीच्या साड्या त्यांच्या. म्हणून एका वर्षी त्यांना दूत केलं. ते येऊन म्हणाले, "महाराज, बातमी आणली!"

सेनापती झालेल्या बापूरावांना नवा माणूस मधे बोललेला खपत नसे. त्यांनी तिथंच तलवार चालवली. शेठ पडले. पण बातमी कुणालाच ठाऊक नाही! नाटक पुढे सरकेना. अखेर प्रेतच उठून बसलं.

"शत्रू आला म्हून सांगाचं होतं न, बापूराव! पडदा माहा, साड्या माह्या, न पयले मलेच मारता?"

दुसऱ्या दिवशी दोन नियम झाले. नव्याला पहिल्या वर्षी मारायचं नाही. आणि मेलेल्यानं उठायचं नाही.

*

पुढच्या वर्षी इंझोरीचा गजानन आला, तो नियम ऐकूनच. शिपायाचं काम; पण थेट सिंहासनाशी. राजा मी; मला सगळे मास्तर म्हणत.

"सरका मास्तर, मले यंदा कोणी मारू शकत नाही!" म्हणाला आणि बसला! बापूरावांनी उपसलेली तलवार पुन्हा म्यानात घातली.

तिसरा नियम झाला. नव्यानं पहिलं वर्ष पडदा ओढायचा, दुसरं वर्ष भाला धरून गप्प उभं राहायचं. मग बोलायचं.

*

भाला संपवून गजानन प्रधान झाला आणि भर दरबारात अडकला. एक शब्द सुचेना. आम्ही जुने मजा पाहत उभे. तेवढ्यात गावच्या स्टेशनात गाडीची शिट्टी झाली.

"महाराज, गाडी आली, येतो मी!" म्हणून प्रधान गेला तो गेलाच!

चौथा नियम: नवा अडकला तर जवळच्या जुन्यानं सांभाळून घ्यायचं. यावर वाद झाला नाही. कधीतरी अडकले सगळेच होते.

*

राणी कायम नामदेव व्हायचा. एके दिवशी सुमननं मला न विचारता थेट मंडळीलाच विचारलं, "नेम सगळ्यांले सारखेच हायत न? मंग मी ओढतो पडदा." आमच्याकडे बायाही 'ओढतो'च म्हणतात.

बापूरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

त्या वर्षी बापूरावांचं भाषण लांबलं आणि मधेच पडदा पडला.

"वहिनी, काहून पाडला?"

"भाऊजी, लेकरं निजून राह्यले होते."

दुसऱ्या वर्षी ती भाला धरून उभी राहिली. तिसऱ्या वर्षी राणी. बापूरावांनी बजावलं, "वहिनी, अडकल्या त पुढच्या सालापासून पुन्हा नामदेवच."

नामदेवानं मिशी वाढवलीच नव्हती.

*

शेवटचा प्रवेश. राजा लढाईत पडलेला, म्हणजे मी. राणीनं शोक करायचा आणि पळणाऱ्या सैन्याला थांबवायचं. सुमन आली, माझ्याजवळ बसली, माझ्या छातीवर हात ठेवला, आणि अडकली. आडोशाला नामदेवानं घसा साफ केला.

तिच्याजवळ जुना माणूस एकच होता, आणि तो मेलेला!

मी उठून बसलो.

"मास्तर, नेम!" बापूराव आतून ओरडले. लोक खदखदून हसले.

मी म्हणालो, "राणीसाहेब, सैन्य पळून राह्यलं. बोला काही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. कपाळावर तळवा ठेवून तिनं मला हळूच पुन्हा आडवं केलं आणि शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"तुमी निजा आता. पुढचं मी पाहतो."