तोरिकाचा लपवलेला क्रोटन

आमच्या तोरिकाला झाडांचं भारी वेड. बाई मनाची चांगली, पण झाडांच्या बाबतीत एक नंबरची चिक्कू. नवरा अपेनिसानं वारायच्या आधी तावेउनी बेटावरून तिला एक क्रोटन आणून दिला होता. पीळ पडलेली पानं, पिवळ्यात गुलाबी. अख्ख्या गावात तसा दुसरा नाही. महिला मंडळ बागा बघायला निघालं की त्याच्यापुढे थांबायचंच, आणि तोरिका अशी काही मिरवायची की विचारू नका!

आता आमच्या फिजीत नात्यातल्या माणसानं मागितलं की द्यायचं, नाही म्हणायची सोयच नाही. एक फांदी दिली की वर्षभरात तो क्रोटन दारोदार दिसणार. म्हणून सासू गेल्यावर, नणंद उनाइसी थडग्याशी लावायला फांदी मागणार हे कानावर आलं मात्र, बाईनं कुंडी उचलून डुकरांच्या कुंपणामागे नेऊन ठेवली.

उनाइसी आलीच. "वहिनी, आईसाठी त्याची एक फांदी दे ना."

"मेला हो तो, वन्सं," तोरिका म्हणाली. मी शेजारचीच, तिथे कसाव्याचे कंद सोलत बसले होते.

उनाइसीच्याच डोळ्यांत पाणी आलं. "अगं बाई! दादाची आठवण होती ती. तुला किती लागलं असेल!"

काही दिवसांनी ती पुन्हा आली, गुडघ्यापर्यंत चिखल. आजूबाजूची गावं पालथी घालून तसलंच एक रोप मिळवलं होतं पठ्ठीनं. "एकच मिळालं बघ. तू ठेव. आईचं बघू नंतर."

तोरिकाचा हात काही पुढे होईना. मग उठली, मागे गेली, कुंडी आणली आणि उनाइसीसमोर ठेवून मटकन खाली बसली. लाजेनं तिला मान वर करवेना. खरं सांगते, बघणाऱ्या मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तर तिचं काय झालं असेल!

उनाइसीनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "माझंच चुकलं, वहिनी. तुझ्याकडे मागायलाच नको होतं."

पुढे तोरिकानं स्वतः घरोघर जाऊन फांद्या वाटल्या. उनाइसी अजून तिच्याकडे येते, चहा पिते, हसते-बोलते. पण घरातलं काही संपलं की वाटी घेऊन तिच्या दारावरून पुढे माझ्याकडे येते.

काल तोरिकानं दारातूनच हाक मारली, "वन्सं, मीठ आहे हो माझ्याकडे!"

"असू दे गं वहिनी," उनाइसी म्हणाली, आणि माझी पायरी चढली.