बायजाक्कांनी घातलेला पाला

भात गिरणीत टाकण्याआधी बायजाक्का ते दातांनी तपासत. पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, बुडाचा एक दाणा काढायचा, सोलून पुढच्या दातांत धरायचा आणि कटकन तोडून क्षणभर कानोसा घ्यायचा. "वल हाय. दोन उन्हं दावा," असं त्या म्हणाल्या की ते पोतं परत वाळवणाला. आमच्याकडे ओलावा मोजायचं यंत्र होतं. यंत्राचं आणि बायजाक्कांचं जमलं नाही, तर बायका यंत्राकडे संशयाने बघायच्या. खरं सांगतो, मीही.

मी भोरचा. पुण्यातल्या एका निर्यात कंपनीत जन्मभर कागद रंगवले. विंझरच्या बायकांच्या गटाने इंद्रायणी तांदूळ परदेशी पाठवायचं मनावर घेतलं, तेव्हा त्यांचे कागद करायला मी गेलो. बायजाक्का त्यांच्या म्होरक्या. साठी उलटलेल्या, काटक, तोंडाने फटकळ. पहिल्या बैठकीत मी नमुना, करार, तपासणी यांवर तासभर बोललो. बायका पेंगायला लागल्या. बायजाक्कांनी दोन वाक्यांत उरकलं. "पोरगी दाखवायची एक आन् द्यायची दुसरी, आसं सोयरिकीत चालतं का? मग हितंबी न्हाई चालायचं." माझा तास पाण्यात गेला, पण बायकांना करार कळला.

दोन वर्षांच्या खटपटीनंतर पहिली ऑर्डर आली, दोनशे पोत्यांची. खरेदीदाराने बजावलं होतं की पहिला माल नीट पोचला तर दरवर्षी घेऊ, नाहीतर इथेच रामराम. गावातले पुरुष आधीच 'बायकांचं खूळ' म्हणून हसत होते. हा माल फसला असता तर गटाची शेड पुन्हा उघडली नसती.

माल निघायच्या दिवशी तपासणीचे साहेब अकराला यायचे होते. दुपारी टेम्पो, आणि दुसऱ्या दिवशी बंदरावर माल घ्यायची मुदत संपत होती. सकाळी आठला मी पोत्यांवरचे शिक्के बघत फिरत होतो. एका शिवणीतून हिरवट काडी डोकावत होती. ओढली तर कडुलिंबाची पानं. तांदळात कसलाही पालापाचोळा चालणार नाही, असं करारात होतं, आणि मी ते दोनदा वाचून दाखवलं होतं.

"कुणी घातलं हे?" मी जवळजवळ ओरडलोच.

बायजाक्का पुढे आल्या. "म्या घातला. लेकीकडं तांदूळ धाडताना घालतोच की. म्हैनाभर जहाजात ऱ्हानार म्हनला तुमी. किडं लागलं तर?"

"अहो, पालापाचोळा नको असं वाचलं होतं ना मी?"

"पालापाचोळा म्हंजे कचरा. लिंब कचरा हाय व्हय? औषाद हाय त्ये."

मी कपाळावर हात मारला. किती पोत्यांत घातला, ते विचारलं. "धा-पंधरा आसतील. पन कंच्या, ते आता न्हाई सांगता यायचं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

मी त्यांना बाजूला घेतलं. साहेब चार-सहा पोती उघडतील, आपण चांगली बघून पुढे लावू, असं सुचवलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर वळवली. "आन् तिकडं उघडल्यावं? तिथं कोन फुडं लावनार, भाऊ?" त्यांनी कात्री घेतली आणि पहिल्या पोत्याची शिवण कापली. मग सगळ्याच बायका खाली बसून शिवणी उसवू लागल्या. साहेब आले तेव्हा बायजाक्कांनीच पाला दाखवला. "चूक माजी हाय साहेब. समदं परत चाळतो." साहेबांनी पुढची तारीख दिली. टेम्पो रिकामा परतला, जहाजातली जागा गेली.

दुपारी मी खरेदीदाराला मेल लिहायला बसलो. बायजाक्का शेजारी येऊन बसल्या. "खरं लिवा. पाला बायजाक्कानं घातला, मुद्दाम न्हाई, पन घातला. नाव लिवा माजं." मी इंग्रजीत टाइप केलं. "आता वाचा," त्या म्हणाल्या. त्यांनी सांगितलेलं मी शब्द न् शब्द मराठीत वाचलं. मग मेल पाठवला.

उत्तर यायला तीन दिवस लागले. त्या दिवसांत बायजाक्का शेडच्या दारातच बसून असत. जेवायला उठवलं तर "भूक न्हाई" म्हणत. चौथ्या दिवशी सकाळी उत्तर आलं. उशीर चालेल, पुढच्या जहाजाने पाठवा. ते ऐकून त्या सगळ्यांदेखत रडल्या.

तेव्हापासून दरवर्षी माल जातो. बायजाक्का मग गावोगावच्या गटांना सांगत फिरायच्या, गुंजवण्यापासून सारोळ्यापर्यंत. "खरं बोललो म्हनून ऑर्डर टिकली. मानूस परका, पन खऱ्याची कदर केली त्यानं." त्यांचं ऐकून किती बायकांनी आपापल्या चुका साहेबांसमोर उघड केल्या, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

गेल्या वर्षी त्या गेल्या. दहाव्याला एका बाईने पुन्हा तीच गोष्ट सांगितली. बायका डोळे पुसत होत्या आणि मी मान खाली घालून बसलो होतो. त्या मेलमध्ये बायजाक्कांचं नाव नव्हतं, पाल्याचंही नव्हतं. घाटात टेम्पो बंद पडला, असं मी लिहिलं होतं. ऑर्डर जाईल या भीतीने लिहिलं, आणि त्यांना भलतंच वाचून दाखवलं. त्या परक्या माणसाने खऱ्याची कदर केली असती की नाही, मला ठाऊक नाही. मी त्याला खरं सांगितलंच नाही.