आतडं चालू आहे

आमच्या कारखान्यात नळीला कुणी नळी म्हणत नाही, आतडं म्हणतात. वाळूजला आम्ही जे पंप बनवतो त्यांत पातं नसतं, झडप नसते. एक मऊ नळी असते आणि तिच्यावरून तीन रूळ गोल फिरत राहतात. रूळ नळी दाबत जातात, तसतसं आतलं पातळ पुढं सरकतं. पोटात घास असाच सरकतो, म्हणून आतडं. नव्या माणसाला सुरुवातीला किळस येते. मग तोही आरामात म्हणायला लागतो, "ते पांढरं आतडं द्या इकडं."

माझं काम आतडं निवडायचं. गिऱ्हाइकांना वाटतं, नळीत काय निवडायचं, भोकात बसली की झालं. याचा मला फार राग येतो. पंप कितीही भारी घ्या, त्यात आधी मरते ती नळीच. सिलिकॉनची मऊ असते, दाब निघाला की पटकन फुगून पहिल्यासारखी होते, पण लवकर थकते. पिवळसर रबराची चिवट असते, तिला दाबताना मोटारीला मात्र घाम फुटतो. एखाद्या रसायनात एक नळी सुजते, दुसरी आतून पिठासारखी झडते. म्हणून निवडलेली नळी आधी आम्ही चाचणीच्या पंपावर चढवतो आणि थकेपर्यंत चालवतो. पाण्यात लाल रंग घालतो, म्हणजे गळती लगेच दिसते. आणि नळी कुठलीही असो, एक नियम कधी मोडत नाही: जोड रुळाखाली येऊ द्यायचा नाही. रुळाखालचा सांधा फुटतोच.

एवढं सांगितलं ते आईच्या ऑपरेशनची गोष्ट सांगायची म्हणून.

आईच्या आतड्याचा एक तुकडा खराब झाला होता. डॉक्टरांनी तो काढला, दोन टोकं जोडली आणि बाहेर येऊन म्हणाले, "सांधा चांगला बसलाय. आता आतडं चालायला लागलं की झालं."

ताईनं हात जोडले. मला मात्र रुळाखालचा सांधा आठवला. पोटातल्या सांध्याला रुळाबाहेर ठेवता येत नाही, घास पुढं ढकलणारी लाट त्याच्यावरूनच जाणार. माणसाचं शरीर भरून येतं, रबर येत नाही, एवढी अक्कल मलाही आहे. तरी डॉक्टर आईच्या पोटाला स्टेथोस्कोप लावून ऐकायचे, तेव्हा आतडं चालावं की चालू नये, हेच मला ठरवता येईना.

आई गुंगीत असायची. मधेच डोळे उघडून ताईला विचारायची, "खाली कोण कांडतंय गं?"

"कुणी नाय आई. दवाखाना हाय हा."

"मग हे ढुप ढुप ढुप काय हाय? तिसरा घाव हलका पडतोय बघ."

भुलीचा अंमल असेल म्हणून आम्ही सोडून दिलं. फुलंब्रीकडच्या खेड्यात तिचं बालपण मिरच्या कांडण्यात गेलेलं, तेच आठवत असेल. मीही तेच धरलं.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी दुपारी मी औषधं आणायला खाली उतरलो. माझा फोन आईच्या उशाशी चार्जिंगला होता. सकाळी आईचं रक्त तपासायला नेलं होतं आणि काही वावगं निघालं तर फोन करतो असं सांगितलं होतं. ताई त्याच काळजीत बसलेली. फोन वाजला तसा तिनं नाव न बघताच उचलला. पलीकडून आमचा फिटर बोलत होता. तो लासूर स्टेशनचा, हॅलो म्हणायची सवय नाही.

"साहेब, आतडं फुटलं बगा. लई येळ गळत असंल, कुणाच्या ध्यानातच आलं नाय. खाली समदं लाल झालंय."

ताईच्या हातून फोनच पडला. ती रडत सिस्टरकडं धावली आणि आताच रिपोर्टचा फोन आला, आतडं फुटलंय, असं सांगून मोकळी झाली. सिस्टरनं आईची नाडी धरली, पोटाला हात लावला. पोट पाटासारखं ताठ झालं होतं. मी औषधांची पिशवी घेऊन वर आलो तेव्हा आईला स्ट्रेचरवर घेत होते.

डॉक्टर ताईवर खेकसले, "फोन कुणाचा होता? रिपोर्ट तर अजून यायचाय." मी फोन उचलून बघितलं, फिटरचं नाव होतं. फोन तसाच खिशात घातला.

सांधा खरंच गळायला लागला होता. डॉक्टरांनी तो पुन्हा बांधला. बाहेर आल्यावर म्हणाले, "नशीब, लवकर लक्षात आलं. संध्याकाळपर्यंत थांबलो असतो तर..."

आई शुद्धीवर आली तेव्हा तिनं छताकडं बघत एवढंच म्हटलं, "थांबलं वाटतं कांडण."

आई धोक्यातून बाहेर पडल्यावर मी कामावर गेलो. फुटलेली नळी फिटरनं बाजूला ठेवली होती. नळी दमली की लांबीत चिरते, जिथं दाबून घडी पडते तिथं. ही आडवी गेली होती, गोल, दोन टोकं सुटावीत तशी. ती अख्खी नळी होती, सांधा नव्हताच.

"असं फाटलेलं आजवर नाय पाह्यलं, साहेब," फिटर म्हणाला.

मी रुळांवर बोट फिरवलं, कुठं खरवड आहे का बघितलं, नळीला ब्लेड लागलंय का बघितलं. काही सापडलं असतं तर फार बरं झालं असतं. दुसरी नळी चढवून पंप सुरू केला आणि कान दिला. ढुप, ढुप, ढुप. तिसरा रूळ किंचित झिजलेला होता. त्याचा घाव हलका पडत होता. मला भीती वाटली, भर दुपारी, माणसांनी भरलेल्या शेडमध्ये. आई कधी कारखान्यात आलेली नाही.

आजोबांनी धर्मांतर केलं तेव्हापासून आमच्या घरात नवस नाही, अंगारा नाही, कुणाची दृष्ट काढत नाहीत. आईनं तर शेजारणीनं आणलेला लिंबू-मिरचीचा हार दारातूनच परत पाठवला होता. पडेगावला घरी आल्यावर मी तिला फोनची गोष्ट सांगितली, नळी आडवी फाटल्याचंही सांगितलं. तिनं मलाच झापलं.

"एवढा शिकलास अन् असं बोलतोस व्हय? योगायोग असतो तो."

मी हो म्हटलं. मात्र एक गोष्ट तिला सांगितली नाही, कुणालाच सांगितली नाही. त्या पंपावर आता मी सगळ्यात चिवट नळी लावली आहे. थकायच्या आत ती थोडी सरकवतो, म्हणजे रुळाखाली ताजा भाग येतो. चाचणी केव्हाच संपली, गिऱ्हाईक नळ्या घेऊनही गेलं. फिटर विचारतो, "साहेब, हा पंप कशापायी चालू ठेवलाय?" मी म्हणतो, राहू दे. बंद करायला माझा हात धजत नाही.

मागच्या आठवड्यात दुरुस्तीसाठी वाळूजची वीज दिवसभर बंद ठेवली होती, म्हणजे तो पंपही बंद. मला चैन पडेना, मी घरीच थांबलो. दुपारी आई जेवायला बसली. चांगली भाकरी कुस्करून खात होती. खाता खाता तिचा हात थांबला. तिनं मान जराशी तिरकी केली, लांबचं काही ऐकतात तशी.

"आज बंद हाय का रे ते?" तिनं विचारलं.

"व्हय," मी म्हटलं. "उद्या चालू होईल."

"बरं," ती म्हणाली, आणि अर्धं ताट तसंच बाजूला सारून हात धुवायला उठली.