बरोबरीत सुटलेला डाव

माझ्या धाकट्या दिरांना सगळे पोतं म्हणतात. जाडे आहेत म्हणून नव्हे, माणूस काटकुळा आहे. तरुणपणी ते क्लबात डावरा म्हणून गाजलेल्या बॉक्सरबरोबर सराव करायचे. खरं सांगायचं तर डावरा त्यांच्यावर सराव करायचा. छताला टांगलेलं वाळूचं पोतं फाटलं की त्याच्या जागी हे उभे. नाव तिथून चिकटलं ते चिकटलंच. घरात मी त्यांना भावोजी म्हणते, आणि चिडले की काहीच म्हणत नाही.

आमच्या क्लबात खाली बॉक्सिंगची रिंग आहे आणि वर बुद्धिबळाचा हॉल. दोघांना मिळून एकच जिना. त्या जिन्यावर वर्षानुवर्षं एकच वाद चालतो, थोर कोण? खालचा डावरा की वरचा कंपाउंडर? डावरा रिंगणात होता तोवर त्याच्या वजनात दुसरं कुणी जिंकलंच नाही. शेवटी शेवटी त्याच्यासमोर नाव द्यायलाही कुणी येईना. एका वर्षी तर तो रिंगमध्ये एकटाच उभा राहिला आणि पंचाने त्याचा हात वर केला. वरच्या मजल्यावर कंपाउंडरचंही तसंच. दवाखान्यात दिवसभर गोळ्या मोजायच्या आणि संध्याकाळी भल्याभल्यांचे राजे अडवायचे. शहराचा करंडक त्याच्या घरातून हललाच नाही. मी एकदा जिन्यातच म्हणाले, "एवढं काय भांडता? वासरांत लंगडी गाय शहाणी!" त्यानंतर दोन्ही मजले माझ्याशी बोलेनासे झाले.

भावोजींना मात्र हा वाद जिव्हाळ्याचा. जेवताना घास हातात धरून ते मला समजावायचे, "वहिनी, डावरा मोठा होता. पण मेला, संपला. शेवटी तर त्याला स्वतःचं घर सापडत नव्हतं, बायको भरवायची. तो कसा लढला ते आता कोण सांगणार? कंपाउंडरचं तसं नाही. त्याचा एकेक डाव चालीनिशी लिहिलेला आहे. आणि गंमत बघा, जो हरला त्याचंही नाव शेजारी लिहितात."

"आणि खाली काय उरतं?" मी विचारायची.

"खाली मी उरलोय की."

हे ते हसत म्हणायचे. मला हसू यायचं नाही, कारण ते खरंच होतं. डावऱ्याच्या ठोशांचा हिशेब भावोजींच्या अंगात जमा होता. ते काचेच्या दुकानात कामाला होते. काचेवर तेलाचा बोळा फिरवायचा, पट्टी धरायची, काच कापायच्या हिरकणीची एकच रेघ ओढायची आणि कडेवर हलकेच दाबायचं. टक्कन दोन तुकडे. रेघ दुसऱ्यांदा ओढायची नसते, काच फुटते. ह्यांची रेघ आधी हलली, मग हात हलायला लागले आणि शेवटी मालकाने हात जोडले. डॉक्टर म्हणाले, डोक्याला बसलेला जुना मार आहे, वाढतच जाणार. लग्न केलेलं नव्हतं. माझे यजमान गेल्यावर आम्ही दोघंच घरात, एक शिवणारी आणि एक सांडणारा.

डोकं गुंतवून ठेवा, असं डॉक्टर म्हणाले म्हणून भावोजी जिना चढून वर गेले. आयुष्यभर खाली हरले, आता वर हरायला लागले. फक्त मजला बदलला. पण मी चेष्टा करत असले तरी वरचे लोक म्हणायचे की पोत्याचं डोकं चांगलं चालतं, बोटं घात करतात. बुद्धिबळात एक नियम आहे. ज्या मोहऱ्याला हात लागला तोच हलवावा लागतो. ह्यांना न्यायचा असायचा घोडा, आणि वाटेत करंगळी लागायची वजिराला. समोरचा म्हणायचा, राहू दे रे. हे ऐकायचे नाहीत. वजीर हलवायचे, मरायला द्यायचे आणि हरून घरी यायचे.

"अहो, समोरचा सोडतोय तर घ्या ना मागे," मी म्हणायची.

"सोडलेलं घेतलं तर खेळलो कशाला?"

मग क्लबाने ठरवलं की कंपाउंडरची सत्तरी साजरी करायची आणि त्याच्या जिंकलेल्या निवडक डावांचं पुस्तक काढायचं. पुस्तकात शेवटचं प्रकरण नवं. कंपाउंडर एकाच वेळी वीस जणांशी खेळणार, आणि तो जे डाव जिंकेल त्यातले चांगले छापणार. भावोजींनी त्याच दिवशी नाव दिलं. घरी आले ते लहान मुलासारखे. म्हणाले, "झुंज चांगली दिली तर छापतील. खाली 'विरुद्ध' लिहून माझं नाव. पोतं नव्हे, खरं नाव."

जिंकायला निघालेली माणसं मी पुष्कळ पाहिली होती. नीट हरायला निघालेला हा पहिलाच. पण डोळ्यांत पाणी आलं, म्हणून मी सुईत दोरा ओवायला लागले.

मी त्यांच्यासाठी मनगटाला बांधायची पट्टी शिवली, आत बारीक छर्रे भरलेली. वजनाने हात जरा थांबायचा. "पोत्याला पोतं बांधलंत," ते म्हणाले. महिनोन्महिने पट्टी बांधून जेवणाच्या टेबलावर सराव चालला. दूध उतू जायचं, कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या, आणि हे माझ्या बटणांच्या डबीशेजारी पट मांडून एक मोहरा उचलायचे, ठेवायचे, पुन्हा उचलायचे. मला वाटायला लागलं होतं की जमेल. आशा फार वाईट चीज आहे, घरात शिरली की भाडं न देता राहते.

त्या दिवशी हॉलमध्ये टेबलांचा चौकोन मांडला होता. बाहेरून वीस जण बसलेले, आत कंपाउंडर पांढऱ्या शर्टात फिरत होता, प्रत्येकापाशी क्षणभर थांबायचा, चाल करायचा, पुढे. भावोजींना लिहिता येत नाही म्हणून चाली लिहायला मला शेजारी बसवलं होतं. ते पटावरच्या घराचं अक्षर आणि आकडा सांगायचे, मी मांडायची. एकेक जण हात मिळवून उठत गेला. कुणी भाजीवाला होता, तो तर आल्या आल्या घरंगळला. दुपार सरली तेव्हा एकच पट उरला, आमचा. सगळे भोवती गोळा झाले. कंपाउंडरने खुर्ची ओढली आणि तो समोर बसला. भावोजींच्या मानेवर घाम होता, पण चेहरा काच कापताना असायचा तसा. कुणीतरी मागे पुटपुटलं, "पोत्याने अडवलं की म्हाताऱ्याला."

मग भावोजींनी राजाकडे हात नेला. पट्टी असूनही हात दमला होता. करंगळी शेजारच्या हत्तीला लागली, हत्ती डुलला आणि सरळ झाला.

"हत्तीला हात लागला," भावोजी म्हणाले. "हत्ती हलवतो."

हत्ती हलवला की हरले, हे त्यांच्या आवाजातूनच मला कळलं. पण त्या आवाजात दुःख नव्हतं. एवढी लांब झुंज झाली होती आणि आता ती नीट संपत होती.

कंपाउंडर हसला. "मला नाही बुवा दिसलं. राजाच हलवायचा होता ना? आणि तसंही आता पुरे. बरोबरी." त्याने पटावरून हात पुढे केला.

भावोजी म्हणाले, "नाही, अहो, लागला..." पण तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. लोक उभे राहिले. एकाने तर डोळे पुसले. ह्यांचा हात कुणीतरी उचलून कंपाउंडरच्या हातात दिला आणि सेक्रेटरीने निकाल पुकारला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही क्लबात गेलो. सेक्रेटरीसमोर कंपाउंडर चहा पीत बसला होता. भावोजी उभ्यानेच म्हणाले, "माझा डाव मी हरलो असं लिहा."

सेक्रेटरीला आधी चेष्टाच वाटली. "लोक जिंकलो म्हणून लिहा सांगतात, तुम्ही काय..."

"बरोबरी लिहिली तर पुस्तकात यायचा नाही. त्यात जिंकलेलेच डाव आहेत ना?"

"निकाल पुकारलाय हो. आता कसा बदलणार?"

कंपाउंडरने कप खाली ठेवला. माणूस वाईट नव्हता, हेच तर दुखणं. प्रेमाने म्हणाला, "अहो, तुमची ही अवस्था. तुमचा हात चुकला म्हणून मी जिंकायचं? माझ्याच्याने झालं नसतं ते."

"डावऱ्याच्याने झालं की," भावोजी म्हणाले. "तीन बरगड्या मोडल्या होत्या माझ्या, तरी त्याने ठोसा आवरता घेतला नाही. समोर आहे तो माणूस आहे, असं समजायचा तो."

"तो खेळ वेगळा," कंपाउंडर म्हणाला, आणि त्यांच्यासाठी चहा सांगितला. ह्यांना कपाने पिता येत नाही हे चहा समोर आला तरी त्याच्या लक्षात आलं नाही. मी कप उचलला आणि तिथेच टेबलावर आपटला. बशी फुटली. बाकी काही झालं नाही.

पुस्तक आलं तेव्हा भाग घेतलेल्या प्रत्येकाला एकेक प्रत घरपोच मिळाली. कागद गुळगुळीत होता आणि पानं ह्यांच्या बोटांतून निसटत होती, म्हणून मी उलटत गेले. शेवटच्या प्रकरणात भाजीवाला होता. घरंगळला कसा तेसुद्धा चालीनिशी छापलं होतं, वर त्याचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मी शेवटच्या पानापर्यंत गेले आणि पुन्हा मागे आले.

"पुरे, वहिनी," ते म्हणाले.

मी पुस्तक मिटलं. त्यांचा हात मांडीवर थडथडत होता, आणि पट्टी बांधू का असं विचारायची माझी हिंमत झाली नाही.

"हत्तीला हात लागला होता. तुम्ही शेजारीच होता."

"लागला होता. करंगळी."

"मग?"

"मग काय भावोजी, हरलात तुम्ही."

"नीट हरलो?"

"नीट हरलात," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि विचारायला दुसरं कुणी नव्हतं.