लाभापासून मोजलेले वेढे

माझं अक्षर वाईट आहे, मला माहीत आहे. ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका. चौथीत बाईंनी पाटीवर जेवढं घोटून घेतलं, तेवढ्यावरच आजवर चाललंय. पुढे शाळा नव्हती असं नाही, मला पाठवलं नाही इतकंच. त्यात तार ओढून ओढून उजव्या हाताचं पहिलं बोट वाकडं झालंय, त्यामुळे ओळ डावीकडून निघते आणि उजवीकडे पोचेपर्यंत खाली उतरते. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर त्याने अर्थ तेवढा घ्यावा.

आमच्या घरात त्या गाडीला आजही ह्यांची गाडी म्हणतात. हे म्हणजे माझे यजमान. गाडी ह्यांचीच होती, त्यात खोटं नाही. पण तिची मोटर माझ्या हातची होती, आणि ते मी कधी कुणाला सांगितलं नाही. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझ्या तोंडाला कुलूप लागतं. वहीला सांगायला लाज वाटत नाही.

तेव्हा आम्ही इंदिरानगरात दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. आजूबाजूला अर्धे प्लॉट मोकळे, बाभळी आणि बांधकामाच्या विटा. हे सातपूरला कारखान्यात लेथवर होते. मी एका छोट्या वर्कशॉपात वाइंडिंगला जायची. ट्रान्सफॉर्मरची कॉइल, पंख्याची मोटर, असलं काम. त्या पैशातून मी शिलाई मशीनसाठी नऊशे रुपये साठवले होते. दुधाच्या पावडरीच्या डब्यात, पन्नासच्या अठरा नोटा. मशीन आलं की वर्कशॉप सोडून घरीच ब्लाउज शिवायचे, असं माझं मनात ठरलेलं.

ह्यांच्या कारखान्यातल्या काही साहेबांना रिमोटच्या मोटारगाड्यांचा नाद होता. लहान मुलांच्या नव्हेत, खऱ्या शर्यतीच्या. हातभर लांब, बॅटरीवर चालणाऱ्या, मागे काटेरी चाकं, चारही चाकांना वेगळे शॉकॲब्सॉर्बर. परदेशातून आणलेल्या. त्यांचं काही मोडलं की साहेब लोक ह्यांच्याकडून लेथवर लहानसहान पार्ट करून घेत. एकदा ह्यांनी एका साहेबाला सांगितलं, गाडीची पुढची चाकं जरा आत वळवली तर ती सरळ धावेल. साहेब हसले. म्हणाले, "तुम्ही लेथ सांभाळा हो. गाडी चालवायला गाडी असावी लागते."

ते वाक्य ह्यांना लागलं. पुढच्याच महिन्यात एका साहेबाची बदली झाली आणि त्याने आपली गाडी विकायला काढली. रिमोट, चार्जर, सगळं मिळून नऊशे. मोटर जळालेली.

हे संध्याकाळी चहा घेऊन झाला तरी कप खाली ठेवीनात.

"अगं, तुझ्या डब्यात किती आहेत?"

"तुम्हाला माहीत आहे किती आहेत."

"थंडीत कॉलनीच्या मैदानावर शर्यत आहे. त्यात आपली गाडी नीट पळाली ना, तर सगळे साहेब आपल्याकडेच गाड्या लावून घेतील. त्याचे पैसे वेगळे मिळतील. तुझे तुला पै न पै परत देईन. पगारातून नाही, ह्याच कामातून."

मला नाही म्हणता आलं नाही. हो पण म्हटलं नाही. डबा काढून समोर ठेवला.

सासूबाई पाटावर बसून लसूण सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "घोड्याएवढा झाला, आता खेळण्यातली गाडी घेतोय. पुढच्या महिन्यात भोवरा घेऊन दे त्याला, सूनबाई."

गाडी घरी आली आणि आमची खाट हे तिचं गॅरेज झालं. हे सुट्टीच्या दिवशी तिचा एक एक स्क्रू काढून वर्तमानपत्रावर मांडत. सोबतचं पुस्तक जपानीत होतं, पण चित्रं होती, आणि चित्रापुरते आम्ही दोघेही शिकलेले. मोटरचं लहान चाक आणि गिअर ह्यांच्यात किती फट हवी, ते ह्यांनी वहीच्या कागदाचा कपटा मध्ये घालून बघितलं. कागद चुरगळून बाहेर आला पाहिजे, फाटता कामा नये. रिमोटचा संदेश झेलणाऱ्या डबीला धुळीचा त्रास नको म्हणून ती एका लाल फुग्यात घालून तोंड बांधलं. शॉकॲब्सॉर्बरमधलं तेल गळून गेलं होतं. ह्यांनी मशीनचं तेल भरलं, तर गाडी पुढून बेडकासारखी उड्या मारायला लागली. दाट तेल हवं होतं. मी फळीवरची एरंडेलाची बाटली पुढे केली. थोडं एरंडेल, थोडं मशीनचं. गाडी शहाण्यासारखी बसली.

सासूबाईंनी बाटली उलटी करून बघितली. "माझ्या पोटाचं औषध गाडीच्या पोटात गेलं वाटतं. चला, कुणाचं तरी साफ झालं."

राहिली मोटर. मुंबईहून नवी आणायची तर तीनशेच्या वर सांगत होते. मी म्हटलं, मी वाइंडिंग करून बघू का? हे माझ्याकडे बघतच राहिले. नऊशे रुपये देताना मी इतकं बोलले नव्हते.

ती मोटर लिंबाएवढीसुद्धा जाड नव्हती. पत्र्याचे कान उघडून आतला दांडा बाहेर काढला. त्याला तीन भुजा, प्रत्येकीवर तांब्याची तार गुंडाळलेली, सगळी जळून काळी पडलेली. जळकी तार मी मोजत मोजत सोडवली. प्रत्येक भुजेवर सत्तावीस वेढे. हे म्हणाले, तार थोडी जाड घेऊ आणि वेढे चोवीस करू, म्हणजे मोटर जास्त पळेल. पण फार कमी केले तर बॅटरी शर्यत संपायच्या आत झोपेल. शर्यत पाच मिनिटांची, त्यात ज्याचे फेरे जास्त तो पहिला. मी वर्कशॉपातून तार आणली.

आता माझ्या मोजण्याविषयी सांगायला हवं. माझं माहेर देवळ्याकडचं. आमच्या खळ्यावर बाजरी मापताना पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही. लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार, असं. वर्कशॉपात मोजायचं यंत्र बंद पडलेलं असायचं, मग बायका तोंडानेच वेढे मोजायच्या, आणि माझ्या तोंडून पहिला वेढा लाभच निघायचा. बायका चिडवायच्या, "आली बाई लाभ! कॉइल भरतेय की कणगी?" पण सवय काही गेली नाही.

पहिली भुजा मी रविवारी सकाळी एकटीनेच भरली. लाभ, दोन, तीन, करत चोवीस. दुसरी सुरू करायच्या वेळेला हे आंघोळ करून आले आणि समोर बसले. "तू हात चालव, मी मोजतो." मला बरंच झालं. जाड तार शेजारी शेजारी घट्ट बसवायची तर दोन्ही हात लागतात, आणि सुरुवातीचं टोक मी दातात धरलेलं असायचं. मला बरं वाटावं म्हणून ह्यांनीही माझ्यासारखीच सुरुवात केली. मोठ्याने म्हणाले, "लाभ!" मला हसू आलं, तार दातातून सुटता सुटता राहिली. पुढचं मी ऐकलंच नाही. माझं सगळं लक्ष तारेवर. हे "चोवीस" म्हणाले की थांबायचं. तिसरी भुजा भरताना शेवटचा वेढा बसता बसेना. मला वाटलं, तार जाड घेतली म्हणून असेल.

वार्निश लावलं, उन्हात वाळवलं, मोटर पुन्हा जोडून गाडीत बसवली. घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर गाडी सुटली ती वाऱ्यासारखी. हे ओरडले, "बघ, बघ!" पण तिच्यात एक घरघर होती. पिठाच्या गिरणीच्या दगडाला टाकी लावायची वेळ झाली की दगड करतो तशी. सावकाश चालली की ऐकू येत नसे, जोरात गेली की सगळी गाडी थरथरायची. चार मिनिटांत बॅटरी संपली. मोटरला हात लावला तर चटका बसला.

मग आठ-दहा दिवस हे नुसते झुंजत होते. स्प्रिंगा बदलल्या. एरंडेल वाढवलं, कमी केलं. मागची चाकं अदलाबदल केली. गिअरची फट पुन्हा पुन्हा कागदाने बघितली. शर्यत चार दिवसांवर आली तरी थरथर होतीच. हे जेवताना बोलेनासे झाले. एकदा म्हणाले, "तुझे पैसे मी मातीत घातले बहुतेक."

मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं की खोट मोटरमध्येच आहे. पण माझ्या मोटरमध्ये खोट आहे म्हणायचं, की ह्यांच्या मोजण्यात, हेच मला ठरवता येईना. आणि ह्यांना तोंडावर चुकलात म्हणायची मला सवय नव्हती. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, तोवर एकदाही म्हटलं नव्हतं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी मी पोळ्या करायच्या आधी कणकेचे दोन लहान गोळे घेतले. प्रत्येकात दाढीचं एक ब्लेड उभं खोचलं, धार वर. मोटर उघडून तिचा दांडा त्या दोन धारांवर आडवा ठेवला, झोपाळ्यासारखा. ताटलीत घालून ते सगळं ह्यांच्या चहाशेजारी नेऊन ठेवलं आणि आत गेले.

जरा वेळाने हाक आली. "अगं, हे काय?"

"फिरवून बघा," मी आतूनच म्हटलं.

ह्यांनी बोटाने फिरवलं. दांडा डुलला, थांबला. पुन्हा फिरवलं. प्रत्येक वेळी तीच भुजा वर येऊन थांबायची. वर येते ती हलकी. ह्यांनी तिच्यावर शाईचा ठिपका केला, आणखी दहादा फिरवलं. ठिपका वरच.

"ही कोणती भुजा?"

"पहिली. मी एकटीने भरली ती."

त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून तार सोडवली. पहिलीवर चोवीस निघाले. दुसरीवर पंचवीस. तिसरीवर पंचवीस.

हे एकदम तापले. "शक्यच नाही! मी स्वतः मोजलेत. लाभ, एक, दोन, तीन…"

मी मध्येच बोलले. आयुष्यात पहिल्यांदा. "अहो, लाभ म्हणजेच एक!"

"म्हणजे?"

"लाभ, दोन, तीन. एक म्हणायचंच नाही. लाभ म्हणजेच एक."

"मला वाटलं तो शकुनाचा वेढा. वरचा. तुमच्याकडे घालतात तसा."

"शकुनाचा वेढा कोण घालतं मोटरला?"

आम्ही इतके हसलो की सासूबाई बाहेर आल्या. त्यांना काही कळलं नाही, पण दोन गोळ्यांत खोचलेली ब्लेडं बघून म्हणाल्या, "आता कणकेची दाढी करा." त्यावर आम्ही आणखी हसलो.

त्या दिवशी मी कामावर गेले नाही. तिन्ही भुजा पुन्हा भरल्या, आणि मोजलं मीच, दातात तार धरून मनातल्या मनात. हे शेजारी गप्प बसले होते, हात मांडीखाली घालून. संध्याकाळी दांडा ब्लेडवर ठेवला तर प्रत्येक वेळी वेगळ्याच जागी थांबला. गाडी सोडली तेव्हा गिरणीचा आवाज नव्हता. भुंग्यासारखा एक सूर होता, तो पाच मिनिटं तसाच राहिला.

शर्यतीच्या दिवशी मी मैदानाच्या कडेला रसाचा ग्लास घेऊन रसवंतीच्या गाड्यामागे उभी राहिले. चुन्याच्या फक्कीने आखलेला रस्ता, वळणांवर जुने टायर. चार गाड्या. साहेब लोक टोप्या घालून ओट्यावर, त्यांच्यात हे एकटेच कारखान्याच्या खाकी शर्टात. पहिल्याच वळणाला आमची गाडी टायरवर आदळून उलटी झाली. कुणीतरी धावत जाऊन ती सरळ केली, तोवर बाकीच्यांचा एक फेरा होऊन गेला होता. मी डोळे मिटले. मशीन गेलं, असं मनात आलं, आणि त्याहून जास्त, आता हे किती दिवस जेवताना बोलणार नाहीत असं.

पण चौथ्या मिनिटाला दुसऱ्यांच्या गाड्या मंदावू लागल्या. आमची मंदावली नाही. ती एकीला मागे टाकून गेली, मग दुसरीला. शिट्टी झाली तेव्हा आम्ही दुसरे होतो. अर्ध्या फेऱ्याने हुकलो.

पहिले आले ते लेथ सांभाळा म्हणणारेच साहेब. ते आमच्या गाडीपाशी गेले, वाकले आणि मोटरला बोट लावलं. मग पूर्ण हात लावला. त्यांच्या स्वतःच्या मोटरला ते रुमालाशिवाय हात लावू शकत नव्हते.

"थंड आहे हो! वाइंडिंग कुठून करून आणलंत? मुंबई?"

ह्यांनी रसवंतीकडे बोट दाखवलं. "तिथून."

"रसवाल्याकडून?"

"नाही साहेब. त्याच्यामागे लपलीय ती माझी बायको."

सगळे वळून बघू लागले. मी पदर घेतला आणि सरळ घरची वाट धरली. रसाचे पैसेही ह्यांनाच द्यावे लागले.

पुढच्या आठवड्यापासून हे डब्याच्या पिशवीतून साहेबांच्या गाड्या घरी आणू लागले. चाकं, स्प्रिंगा, एरंडेल, गिअरची फट, ते सगळं ह्यांचं. वाइंडिंग माझं. वाइंडिंगचे पैसे हे वेगळे आणून माझ्या हातात ठेवत आणि प्रत्येक वेळी बजावत, "हे तुझ्या कामाचे. हे कर्जात धरायचे नाहीत." स्वतःच्या कामाचे सुटे पैसे जमले की दूधवाल्याकडून पन्नासची नोट करून घ्यायचे आणि डब्यात टाकायचे. पन्नासच पाहिजे. जशा नेल्या तशाच परत, असा ह्यांचा हट्ट. कधी महिन्यात दोन नोटा पडत, कधी चार महिने एकही नाही. मी डबा कधी उघडून बघितला नाही.

दीड-पावणेदोन वर्षांनी एका रविवारी ह्यांनी एक नोट टाकली आणि डबा उचलून माझ्यासमोर उपडा केला. सासूबाईसुद्धा माळ ठेवून बघायला बसल्या.

ह्यांनी पहिली नोट उचलून माझ्या हातावर ठेवली. "लाभ," म्हणाले.

मी कान देऊन ऐकत होते, आता पुढे काय येतं.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, दुसरी नोट ठेवली आणि स्पष्ट म्हणाले, "दोन."

मग तीन, चार, पाच करत सगळ्या माझ्या हातावर आल्या. शेवटच्या नोटेला अठरा झाले. डब्यात काही उरलं नाही.