काखेतल्या टॉर्चची टेस्ट

"मॅडम, आकडा बघा आणि पास करून टाका," सेल्समन म्हणाला. त्याने टॉर्च स्टँडवर बसवून भिंतीवर टर्बो मारला होता. आमच्या पिंपरी पेंढारच्या विहाराचा हॉल आम्ही भर दुपारी खिडक्यांना ताडपत्र्या लावून काळोखा केला होता. तो एकदम पांढराफटक झाला. दूध संस्थेचे सचिव तानाजीभाऊ खूष. "लई उजेड हाय राव," म्हणाले.

मी चाकणला दिव्यांच्या कारखान्यात टेस्टिंगला आहे. घरी माझा छंदही टॉर्च उघडून बघण्याचाच. संस्थेला सभासदांसाठी टॉर्च घ्यायचे होते, म्हणून सुट्टीवर आलेल्या मला भाऊंनी धरून आणलं. आमच्याकडे शेतीची लाइट पहाटे येते. मग उसाच्या कडेने जाऊन पाण्याचा वॉल, म्हणजे पाइपचा व्हॉल्व्ह, फिरवावा लागतो, आणि उसात बिबट्या आहे. आमच्या घरी हे काम सुनंदावहिनी करते. टॉर्च तिच्या हातात जाणार होता, त्यामुळे मला पास करायची घाई नव्हती.

"आधी चहा घेऊ. टॉर्च चालूच ठेवा."

चहा संपल्यावर मी पुन्हा लक्स मीटर धरला. हे उजेड मोजायचं हातात मावणारं यंत्र. आकडा निम्म्याच्या खाली आला होता. सेल्समनचा चेहरा उतरला. मीच त्याला सोडवलं, कारण त्यात खोट काही नव्हती. टर्बो म्हणजे टॉर्चचा सगळ्यात मोठा उजेड. त्यात टॉर्च तापतो आणि जळू नये म्हणून आपणहून उजेड कमी करतो. खोक्यावर मात्र सुरुवातीच्याच उजेडाचा ल्यूमेनमधला आकडा छापतात. मग मीडियम लावला. चहाचा दुसरा राउंड झाला तरी आकडा हलला नाही.

"हा आपल्या कामाचा उजेड," मी भाऊंना सांगितलं.

"मग झाला की पास," सेल्समन म्हणाला.

"स्टँडवर झाला. पण स्टँड काही वॉल फिरवायला जात नाही."

वहिनीसोबत आलेल्या माझ्या भावाने एक जुना वॉल पाइपसकट आणून ठेवला होता. तो फिरवायला दोन्ही हात लागतात. तेव्हा टॉर्च कुठे जातो, हे आमच्या भागात लहान पोरालाही ठाऊक आहे. वहिनीने तो काखेत मारला आणि वॉलला जोर लावला. दंडाखाली टॉर्चचं बाजूचं बटण दाबलं गेलं. मीडियमचा हाय झाला. आणखी जोर लावल्यावर स्ट्रोब, म्हणजे भराभर लुकलुकणारा उजेड. सगळा हॉल नाचायला लागला.

"वन्सं, बंद करा ह्ये," वहिनी म्हणाली. "मला माजाच हात दिसंना."

"ताई, तो बिबट्याला घाबरवायला दिलाय," सेल्समनने समजावलं.

"आन् त्यो कुटं हाय ते मला दिसाया नको?"

भाऊ टॉर्च परत खोक्यात भरायला लागले, तेव्हा मी थांबवलं. टॉर्च चांगला होता, सेटिंग चुकीचं होतं. अशा टॉर्चमध्ये मोड बदलायची सोय असते, फक्त तिच्या वाटेला कोणी जात नाही. मी बटण दाबून धरलं, सेटिंग उघडलं. स्ट्रोब काढला. टर्बो आणि हाय काढले. उरले लो आणि मीडियम. शिवाय बटणाला लॉक लावला. एकदा टॉर्च चालू झाला, की बटण पटापट दोनदा दाबल्याशिवाय काही बदलणार नाही.

"मॅडम, मग खोक्यावरच्या हजार ल्यूमेनचं काय?" सेल्समन कळवळला.

"ते खोक्यावरच राहू द्या."

वहिनीने टॉर्च पुन्हा काखेत धरला. वॉल पुरा उघडला, पुरा बंद केला. उजेड तसाच. आता मी पास म्हटलं. सेल्समनला शिकवून बाकीचे टॉर्च त्याच्याकडूनच त्या सेटिंगवर करून घेतले.

पुढच्या सुट्टीला गेले तेव्हा वहिनी भाकरी थापत होती. मी सहज विचारलं, "बिबट्या दिसला का परत?"

"दिसला की परवा. मी वॉल फिरवत व्हते आन् ह्यो बांधावर बसलेला."

"मग?"

"मग काय. काखंतला उजेड तसाच त्याच्यावर धरला. दोगं बी येकमेकाला बघत व्हतो. मंग उटला आन् वड्याकडं गेला." तिने भाकरी उलटली. "वॉल पुरा उघडूनच आले. परत कोन जातंय?"

कारखान्यात आता मी स्टँडची टेस्ट झाली की प्रत्येक नवा टॉर्च एकदा काखेत धरून बघते. आमचे साहेब हसतात. त्यांना पाणी द्यायला जावं लागत नाही.