शेंदूर लावलेल्या राण्या

माझ्या सासूने माझ्या दोन राणीमाश्या मारल्या. म्हाताऱ्या माणसाबद्दल असं बोलू नये म्हणतात. का बोलू नये? त्या दिवशी माझं डोकं फिरलं ते अजून ठिकाणावर आलेलं नाही.

आमचं घर पोशेऱ्यात. भात झोडून झालं की दरवर्षी नवरा-बायकोने वीटभट्टीवर जायचं. मुकादमाला जोडीच लागते, एकटा माणूस तो घेत नाही. लेकरं मागोमाग, शाळा गेली खड्ड्यात. त्या वर्षी पोरगी आठवीत होती आणि मी नवऱ्याला ठणकावून सांगितलं होतं, यंदा मी जायची नाही. माझ्याकडे मधमाश्यांच्या तीन पेट्या होत्या. मोखाड्याला प्रशिक्षण घेऊन मिळवलेल्या. शेतातली खुरासणी, म्हणजे कारळं, फुलली की तिन्ही पेट्यांतून मध निघणार, त्यावर आम्ही दोघंही गावात राहणार.

पण पावसाने पेट्यांची वाट लावली. माश्या मूठभर उरल्या आणि दोन पेट्यांत राणीच नाही. राणी नाही म्हणजे अंडी नाहीत, अंडी नाहीत म्हणजे पेटी महिन्या-दीड महिन्यात संपली. मी प्रशिक्षणाच्या सरांच्या हातापाया पडून दोन राण्या मिळवल्या. जाळीच्या काड्यापेटीएवढ्या पिंजऱ्यात एकेक राणी, तोंडाला पिठीसाखर आणि मधाचा गोळा. पिंजरा पेटीत ठेवायचा. माश्या तो गोळा दोन-तीन दिवसांत खातात, तोवर राणीला त्या पेटीचा वास लागतो, मग तिला आपली मानतात. परका वास आला तर जीव घेतात.

जीपमधून उतरले तेव्हा उन्हं कलली होती. पिंजरे ओसरीवर ठेवले आणि पाणी प्यायला आत गेले. आत्याने, म्हणजे सासूने, विचारलं, "त्यात काय हाय गं?" मी म्हटलं, "तुला काय कळतंय त्यातलं? हात लावू नको." एवढंच. काय नि कशासाठी, हे सांगायला माझी जीभ झिजली असती जशी.

तिने हात लावला नाही. बोट लावलं. आमच्यात नवा नांगर, नवी कणगी, काही नवं आलं की तेलात कालवलेला शेंदूर लावतात आणि धूप दाखवतात. तिने दोन्ही पिंजऱ्यांच्या जाळीवर शेंदूर लावला, धूप फिरवला. मी घाईत, तिन्हीसांजेच्या अंधुक उजेडात, पिंजरे उचलून पेट्यांत ठेवून दिले. बघितलंसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडलं. गोळा खाऊन झालेला. पिंजऱ्याच्या तोंडाशी माश्यांचा लिंबाएवढा गठ्ठा, घट्ट. काडीने सोडवला तर आत राणी मेलेली, पंखांवर शेंदराचा तेलकट डाग. दुसऱ्या पेटीत तेच.

मी अंगणात येऊन जी सुटले! "आत्या, हे काय केलंस? माझ्या घरावर नांगर फिरवलास तू!"

ती चुलीपाशी उभी. म्हणाली, "नवा जीव घरात आला त देवाला दाखवाया नको? तशीच आत घालायची?"

सरांना फोन केला तर ते हसले. "शेंदूर? कमाल आहे तुमच्या लोकांची." तुमच्या लोकांची! अहो, तुम्ही पाच दिवस शिकवलंत, त्यात पिंजऱ्याला कसलाही वास लागू देऊ नका हे एक वाक्य सांगायला काय झालं होतं? मी फोन कापला.

तिसऱ्या पेटीतली अंड्यांच्या पोळ्याची चौकट कापून त्या दोन्ही पेट्यांना वाटून दिली. त्यातून माश्या स्वतः राणी घडवतात, पण महिना जातो. महिन्यात खुरासणी झडली. पेट्या जगल्या, मध नाही, म्हणजे पुन्हा वीटभट्टी. आता थंडीभर त्यांना साखरपाणी द्यायचं, मुंग्या हाकायच्या, फाल्गुनात रान फुलेपर्यंत सांभाळायचं, म्हणजे घरी त्यातलं कळणारं माणूस हवं. आणि मुकादमाला जोडी हवी. मी आत्याशी बोलणं टाकलं होतं. भांडी आपटत होते आणि पोरीचे कपडे पिशवीत भरत होते.

जीप आली त्या सकाळी मी पिशवी घेऊन बाहेर आले तर आत्या आधीच आत बसलेली, मांडीवर गाठोडं, नवऱ्याच्या शेजारी. तिची कंबर वाकलेली, हंडा उचलताना तिला भिंत धरावी लागते.

"खाली उतर," मी ओरडले. "मरायचंय का तुला तिथं?"

"राण्या म्या मारल्या ना? मंग म्याच जाईन. तू पोरीची शाळा बघ."

मुकादम म्हणाला, "कोण येतंय ते लवकर ठरवा." मी नवऱ्याला शिव्या घातल्या, मुकादमाला घातल्या, तिलाही घातल्या. सगळी वाडी जमा झाली. तिला हाताला धरून खाली ओढणं काही अवघड नव्हतं, तिच्या अंगात जोर तो किती.

मी ओढलं नाही. मला घरी राहायचं होतं.